रकाना क्रमांक सतरा

परसोडीच्या आयटी पार्कात, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही मेलेल्यांच्या ओळी भरतो.
एका घटनेचे चौदा रुपये.
तारीख, देश, जिल्हा, हत्यार, मृत, जखमी,
आणि रकाना क्रमांक सतरा: कोणी केलं.
सतराला चारच पर्याय उघडतात:
संघटना, टोळी, एकटा माणूस, अज्ञात.

पहिल्या महिन्यात वाटायचं
मी जगातल्या वाईट माणसांची यादी करतेय.
त्रिमूर्तीनगरच्या चौकात बेवारस पिशवी दिसली
तरी स्कूटी वळवायचे.
आई म्हणायची, काय करून राहिली बाप्पा तू,
शहरात दुसरं काम नाही काय?

मग एप्रिलात ती ओळ आली.
लग्नाची वरात होती. वरून काहीतरी पडलं.
सत्तेचाळीस.
जिल्हा भरला, तारीख भरली, हत्यार भरलं.
सतरात बसेना.
परदेशातल्या सुपरवायझरला विचारलं.
उत्तर फार सभ्य होतं:
ही घटना आपल्या व्याख्येत येत नाही,
कृपया वगळावी. आपला दिवस चांगला जावो.

वगळलेल्या ओळीचे पैसे मिळत नाहीत.

त्यानंतर मला बाकीचंही दिसायला लागलं.
काही शहरांत माणूस मेला
की त्याच्या कुत्र्याचं नावसुद्धा बातमीत सापडतं,
काही ठिकाणी नुसतं 'अंदाजे'.
तीस ते पन्नास.
मधली वीस माणसं
गेली की आहेत,
हे विचारायला कोणाचाच फोन येत नाही.

कोणाला सूट द्यायची म्हणून हे लिहीत नाही.
बाजारातल्या एका स्फोटात
उकडलेली अंडी विकणारा पोरगा होता, वय नऊ.
त्याच्यासमोर मला कोणाचाही
इतिहास ऐकायचा नाही.
पण व्याख्या लिहिणाऱ्याच्या घराचं भाडं
कोण भरतं, हे मात्र ऐकायचं आहे.

वामनमामा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झाला.
तेहतीस वर्षं
तोफगोळ्याच्या कवचाची जाडी मोजली त्यानं.
त्याच पगारातून माझी एम.ए.ची फी.
विचारलं, मामा, माल कुठे जायचा?
पेटीवर लॉट नंबर राहे, म्हणाला,
आणि पोह्यांवर अजून एक डाव तर्री ओतून घेतली.
मी पण घेतली.

येता-जाता झिरो माइलला सिग्नल लागतो.
डोक्यावर पंचेचाळीस अंश, पुढे सिटीबस,
बाजूला तो खांब आणि ते दगडी घोडे,
एवढं ऊन खाऊनही कुठेच न गेलेले.
म्हणतात, साहेबानं इथून अंतरं मोजली.
शाळेच्या सहलीत आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या,
आपण मधोमध आहोत म्हणून.
टेप कोणाच्या हातात होती
हे लांजेवार बाईंनी सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.
आता कुठलाही आकडा समोर आला
की हिरवा दिवा लागून मागचे हॉर्न वाजेस्तोवर
मी तिथेच अडकते.

शेजारच्या टेबलावर अर्जुमंद.
मोमिनपुऱ्याची. आमच्यात सगळ्यात वेगवान.
तिच्या भावाच्या पासपोर्टसाठी
पोलीस तीनदा घरी येऊन गेले.
माझ्या भावासाठी एकदा, चहा पिऊन गेले.
पर्यायांची यादी उघडली
की तिची बोटं जराशी थांबतात.
माझी थांबत नाहीत.
शीटमध्ये याला रकाना नाही.

बर्डीवरून मी एक लाल रजिस्टर आणलं आहे.
वगळलेल्या ओळी त्यात उतरवते, फुकट.
एकशे बारा झाल्या.
सतरावा रकाना मी कोराच ठेवते.
भीती म्हणा, प्रामाणिकपणा म्हणा,
मलाच नीट ठरवता येत नाही.

काल लाइट गेली. कूलर थांबला,
खसाचा ओला वास तेवढा राहिला.
अर्जुमंदनं हात पुढे केला, रजिस्टर घेतलं,
मोबाइलच्या उजेडात बराच वेळ वाचत होती.
मग एकामागून एक
सतरावे रकाने भरायला लागली,
उजवीकडून डावीकडे, उर्दूत.

मला उर्दू येत नाही.
अजून तरी मी तिला अर्थ विचारलेला नाही.